लघवीच्या गोळ्या चार, पण प्रत्येकीची जागा वेगळी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडील ६९ वर्षांचे. ब्लडप्रेशर जुनंच, गेल्या वर्षी हार्ट अटॅक येऊन गेला, आता इकोमध्ये पंपिंग ३० टक्के. पूर्वी प्रेशरच्या टेल्मिसार्टनच्या गोळीतच हायड्रोक्लोरोथायझाइड होतं, पण सोडियम १२४ वर आल्यामुळे ते बंद केलं, नुसतं टेल्मिसार्टन चालू ठेवलं. मग फ्युरोसेमाइड सुरू झालं, नंतर त्याच्या जागी टॉर्सेमाइड आलं. जोडीला स्पायरोनोलॅक्टोन आणि डॅपाग्लिफ्लोझिन. मागच्या महिन्यात धाप लागून अ‍ॅडमिट होते तेव्हा तीन दिवस मेटोलाझोनही दिलं. तुम्ही विचारता, "या सगळ्या लघवीच्याच गोळ्या असतील तर एकच जोराची का देत नाहीत? आणि एवढ्या गोळ्यांनी किडनीच जाणार नाही का? क्रिएटिनिन १.२ वरून १.५ झालंय."

किडनीच्या भीतीकडे नंतर येतो. आधी गोळ्या.

दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात. शरीरात रक्तद्रव असतो तीन लिटरच्या आसपास, म्हणजे तोच तो द्रव दिवसातून साठेक वेळा गाळला जातो. त्याबरोबर जवळपास दीड किलो मीठ किडनीच्या नळ्यांमध्ये उतरतं. आपण खातो दहा-बारा ग्रॅम, आणि लघवीतून बाहेरही तेवढंच पडतं. राहिलेलं सगळं, ९९ टक्क्यांहून जास्त, नळ्या परत रक्तात ओढून घेतात. मूत्रल, म्हणजे लघवी वाढवणारी, औषधं या परत ओढण्याच्या कामात खोडा घालतात. मीठ नळीतच राहिलं की पाणी त्याच्यामागोमाग बाहेर पडतं. गाळण्याचं काम ही औषधं वाढवत नाहीत, त्यामुळे "गोळ्यांनी किडनीला जास्त राबावं लागतं" हा समज मनातून काढून टाका. उलट मीठ ओढायला किडनीला ऊर्जा लागते, ते काम थोडं कमीच होतं.

आता मीठ परत घेण्याचं काम नळीत सगळीकडे सारखं होत नाही. धरणाच्या पाटावर वरच्या अंगाची गावं आधी हात मारतात आणि टेलच्या शेतकऱ्याला उरलंसुरलं मिळतं, तसाच प्रकार. सुरुवातीची प्रॉक्झिमल नळी ६५ टक्के मीठ घेऊन टाकते. तिथून पुढे हेन्लेचा लूप, त्याचा वर चढणारा जाड भाग २५ टक्के घेतो. मग डिस्टल नळी ५ टक्क्यांच्या आसपास. शेवटी कलेक्टिंग डक्ट, तिच्या वाट्याला दोन-तीन टक्के. वरच्याला अडवलं तर वाचलेलं खालच्यांकडे जातं आणि ते आवडीने ओढून घेतात, हे लक्षात ठेवा. पुढे सगळीकडे लागणार आहे.

सगळ्यात मोठा वाटा सुरुवातीच्या नळीचा, मग तिथे मारा केला तर सगळ्यात जोरदार औषध मिळायला हवं, असं कोणालाही वाटेल. तसं होत नाही. अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, तिथेच काम करतं. कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज नावाचं एन्झाइम बंद करून ते सोडियम बायकार्बोनेट नळीतच अडकवून ठेवतं. पण ते सोडियम पुढे लूपमध्ये पोचलं की बरंचसं तिथे उचललं जातं. शिवाय बायकार्बोनेट जात राहिल्याने तीन-चार दिवसांत रक्त किंचित आम्ल होतं, गाळून येणारं बायकार्बोनेटच कमी होतं आणि औषधाचा जोर आपोआप ओसरतो. म्हणून सूज उतरवायला हे एकटं कोणी वापरत नाही. काचबिंदूत डोळ्याचा दाब कमी करायला वापरतात. लेहला विमानाने थेट साडेतीन हजार मीटरवर उतरणारे लोक १२५ मिलिग्रॅम दोनदा घेतात, ते याच आम्लतेसाठी: रक्त थोडं आम्ल झालं की श्वास वाढतो आणि उंची सोसते. लघवी जास्त होणं हा तिथे निव्वळ उपद्रव. मध्यंतरी मात्र या म्हाताऱ्या औषधाला पुन्हा काम मिळालं. २०२२ मध्ये बेल्जियममधल्या अभ्यासात हार्ट फेल्युअरच्या ५१९ रुग्णांना शिरेतून लूप औषधासोबत (लूपवर काम करणारं, फ्युरोसेमाइडसारखं) हे दिलं, तेव्हा तीन दिवसांत सूज पूर्ण उतरलेल्यांचं प्रमाण ३०.५ वरून ४२.२ टक्क्यांवर गेलं. वरचा आणि मधला दोघांनाही एकदम अडवलं, म्हणून.

तुमच्या वडिलांची खरी कामाची गोळी टॉर्सेमाइड. ती आणि फ्युरोसेमाइड एकाच घरातल्या, दोघींचा मुक्काम हेन्लेच्या लूपच्या चढत्या जाड भागात. तिथल्या पेशींवर एक वाहक प्रथिन असतं. ते नळीतून एक सोडियम, एक पोटॅशियम आणि दोन क्लोराइड असं एकदम आत घेतं. ही औषधं नेमकी क्लोराइडच्या जागी जाऊन बसतात आणि वाहक ठप्प होतो. इथे अडवलेलं २५ टक्के मीठ पुढच्या दोघांना झेपत नाही, कारण त्यांची ऐपतच सात-आठ टक्क्यांची. म्हणून सगळ्या मूत्रल औषधांत यांचा जोर सर्वात जास्त. गाळलेल्या मिठापैकी २० टक्क्यांपर्यंत मीठ एकट्या या वर्गाने बाहेर जाऊ शकतं.

या भागाची आणखी एक खासियत आहे, आणि सोडियम का घसरलं याचं उत्तर तिथेच आहे. चढता भाग मीठ घेतो पण पाणी जाऊ देत नाही. त्यामुळे आतला द्रव पातळ होत जातो आणि किडनीचा गाभा खारट होत जातो. रक्ताची दाटी २९० च्या आसपास, गाभ्याच्या तळाशी ती १,२०० पर्यंत पोचते. आपण तहानलेले असताना लघवी गडद होते ती या खारट गाभ्याच्या जिवावर. लूपची औषधं हा खारटपणाच मोडून टाकतात. मग किडनीला ना लघवी नीट घट्ट करता येते, ना नीट पातळ.

आणखी एक बारकावा, जो विद्यार्थी परीक्षेत लिहितात आणि वॉर्डात विसरतात. हे औषध रक्ताच्या बाजूने काम करत नाही, नळीच्या आतून करतं. आणि ते गाळून आत उतरत नाही, कारण ९५ टक्क्यांहून जास्त औषध रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेलं असतं. प्रॉक्झिमल नळीच्या पेशी ते रक्तातून उचलून नळीत सोडतात, तेव्हा ते वाहत वाहत लूपपर्यंत पोचतं. किडनी अशक्त असेल तर साठलेली आम्लं त्याच दारात गर्दी करतात, औषधाला आत शिरायला जागा मिळत नाही, आणि म्हणून अशा रुग्णांना मोठा डोस लागतो. मोठा डोस बघून घरचे घाबरतात. पण नळीत पोचणारं औषध त्यांच्यात कमीच असतं.

यातूनच डोसचा नियम निघतो. लूप औषधाला उंबरठा असतो. नळीतलं प्रमाण त्याच्या खाली असेल तर काहीच घडत नाही, वर गेलं की लघवी सुटते, आणि एका मर्यादेपलीकडे कितीही वाढवा, जोर वाढत नाही. समजा २० मिलिग्रॅम फ्युरोसेमाइडने काही होत नाहीये. अशा वेळी तेच २० दिवसातून तीनदा दिलं तर तीनदा काहीच होणार नाही. एकदम ४० द्यावं लागतं, नाहीतर ८०. उंबरठा ओलांडणारा डोस सापडला की मग तो दिवसातून किती वेळा द्यायचा ते ठरवायचं. बाहेरून आलेल्या चिठ्ठ्यांमध्ये मला सर्वात जास्त दिसणारी गोष्ट हीच, उंबरठ्याखालचा डोस तीन वेळा लिहिलेला.

फ्युरोसेमाइडवरून टॉर्सेमाइडवर का नेलं? फ्युरोसेमाइड तोंडाने घेतलं की सरासरी निम्मंच रक्तात पोचतं, आणि ते "निम्मं" फार बेभरवशाचं: कोणात १० टक्के, कोणात ९०. आतड्यालाच सूज असेल तर आणखी उशीर. टॉर्सेमाइड ८० टक्क्यांहून जास्त पोचतं आणि टिकतंही जरा जास्त वेळ. तोंडाने घ्यायचं ४० मिलिग्रॅम फ्युरोसेमाइड म्हणजे साधारण २० मिलिग्रॅम टॉर्सेमाइड. यावरून टॉर्सेमाइड जीव वाचवण्यातही सरस असेल असं आम्हा बऱ्याच जणांना वाटायचं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या अडीच हजारांहून जास्त रुग्णांच्या अभ्यासाचे निकाल आले, मृत्यूच्या प्रमाणात काही फरक नव्हता, दोन्हीकडे २६ टक्क्यांच्या आसपास. तरी ज्याला फ्युरोसेमाइडचा गुण एक दिवस येतो आणि एक दिवस नाही, त्याला मी टॉर्सेमाइडच देतो.

याच लूपमध्ये नळीतला किंचित धन विद्युतभार कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला पेशींच्या फटींतून रक्तात ढकलतो. वाहक बंद पडला की तो भार जातो, आणि दोन्ही लघवीत वाहून जातात. पायात गोळे येत असतील तर नुसतं पोटॅशियम बघून थांबू नका, मॅग्नेशियमही बघायला सांगा. मॅग्नेशियम कमी असेल तोवर पोटॅशियम कितीही भरा, टिकत नाही. आणि तसाच एक वाहक आतल्या कानातही आहे, म्हणून मोठा डोस शिरेतून भरकन दिला तर कानात आवाज येतो, ऐकू कमी येतं. आमच्या सिस्टर मोठे डोस सावकाश, पंपाने देतात, ते याचसाठी.

आता ज्या गोळीने सोडियम पाडलं तिच्याकडे. हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड, मेटोलाझोन ही सगळी थायझाइडची मंडळी. जागा डिस्टल नळीची सुरुवात. तिथे मिठाचा वाटाच ५ टक्क्यांचा, त्यामुळे सूज उतरवायला एकटं थायझाइड तोकडं पडतं. पण प्रेशरला उत्तम. पहिले काही आठवडे मीठ-पाणी कमी झाल्याने प्रेशर उतरतं. पुढे शरीर ते बरंचसं भरून काढतं, तरी प्रेशर खालीच राहतं, कारण तोवर रक्तवाहिन्या सैल झालेल्या असतात. १९५७-५८ च्या सुमारास क्लोरोथायझाइड आलं आणि तोंडाने घेता येणारं, रोज सोसेल असं प्रेशरचं औषध पहिल्यांदा हाताशी आलं. त्याआधी सूज उतरवायला पाऱ्याची इंजेक्शनं देत. तो शोधही अपघातानेच लागलेला: १९१९ मध्ये व्हिएन्नात आल्फ्रेड फोग्ल नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने गरमीच्या (सिफिलिसच्या) रुग्णाला पाऱ्याचं इंजेक्शन दिलं आणि लघवीच्या बाटल्या भरभरून वाहू लागल्या. थायझाइडचा वंश वेगळा. सल्फाच्या जंतुनाशक गोळ्यांनी लघवी आणि रक्ताची आम्लता बदलते हे दिसलं, त्यातून अ‍ॅसिटाझोलामाइड, त्यातून थायझाइड, आणि पुढे फ्युरोसेमाइडसुद्धा त्याच सल्फाच्या घराण्यात. (सल्फाच्या अँटिबायोटिकची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेकांना फ्युरोसेमाइड सोसतं. तरी डॉक्टरांना सांगून ठेवाच.)

तर सोडियम का पडलं. डिस्टल नळीतही मीठ घेतलं जातं आणि पाणी मागे राहतं. लघवी पातळ करून जास्तीचं पाणी बाहेर टाकायची किडनीची ती शेवटची संधी. थायझाइडने ती बंद होते. पण किडनीचा खारट गाभा शाबूत असतो, कारण तो बनवणाऱ्या लूपला थायझाइड हातच लावत नाही. म्हणजे पाणी बाहेर टाकायची सोय गेली, पाणी राखायची सोय मात्र पूर्ण चालू. अशा वेळी माणूस अळणी, बेताचं जेवत असेल आणि कोणीतरी सांगितलं म्हणून दिवसाला चार लिटर पाणी पीत असेल, तर रक्तातलं सोडियम विरळ होत जातं. बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच. वयस्कर, बारीक अंगाच्या बायकांमध्ये जास्त. घरचे सांगतात, "आजी दोन दिवस गोंधळल्यासारखं बोलतेय, चालताना तोल जातो," आणि रिपोर्ट येतो ११८. लूपची औषधं गाभाही मोडतात, म्हणून ती जोरदार असूनही सोडियम इतकं सहसा पाडत नाहीत. एकदा थायझाइडने सोडियम पाडलेल्या माणसाला ते पुन्हा सुरू करू नये. ही नोंद वडिलांच्या फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. "प्रेशरच्या गोळीत एच (हायड्रोक्लोरोथायझाइड) होतं, त्याने सोडियम पडलं" एवढी ओळही पुरते. डॉक्टर बदलला की कॉम्बिनेशनच्या गोळीतून ते गुपचूप परत येतं.

मग इस्पितळात मेटोलाझोन कसं दिलं, तेही थायझाइडच ना? हो, आणि तुम्ही हे विचारलंत ते बरोबर आहे. लूपचं औषध महिनोनमहिने चालू राहिलं की डिस्टल नळीकडे रोज जास्तीचं मीठ येत राहतं. मग तिच्या पेशी फुगतात, जास्त वाहक तयार करतात आणि वरून सुटलेलं मीठ खाली उचलू लागतात. डोस तोच, पण लघवी कमी होत जाते. अशा वेळी लूपचा डोस चढवत नेण्यापेक्षा दोन-तीन दिवस डिस्टल नळीही बंद केली की बांध फुटल्यासारखी लघवी होते. धोकाही त्याच मापाचा: दोन दिवसांत पोटॅशियम ३ च्या खाली, सोडियम घसरलेलं, वजन चार किलो कमी. तुमच्या वडिलांच्या बाबतीत तर सोडियमचा इतिहास होता. अ‍ॅडमिट असताना, रोज रक्त तपासून, मोजून तीन दिवस दिलं असेल तर योग्यच. घरी ही गोळी "पाय सुजले की एक घ्या" म्हणून कोणी दिली, तर मी हरकत घेईन.

पूर्वी शिकवायचे की किडनी ३० टक्क्यांच्या खाली गेली की थायझाइड निरुपयोगी. २०२१ मध्ये क्लोरथॅलिडोनचा अभ्यास नेमका अशा चौथ्या टप्प्यातल्या किडनीच्या १६० रुग्णांवर झाला आणि वरचं प्रेशर साधारण ११ अंकांनी उतरलं. जुना नियम गेला. मुतखड्याबाबत मात्र उलटं घडलं. थायझाइडने लघवीतलं कॅल्शियम कमी होतं, लूपच्या बरोबर विरुद्ध, म्हणून खडे पुन्हा होऊ नयेत यासाठी ते अनेक वर्षं दिलं गेलं. २०२३ च्या मोठ्या अभ्यासात हायड्रोक्लोरोथायझाइडने खडे पुन्हा होण्याचं प्रमाण काही कमी झालं नाही.

आता टेलचा भाग, जिथे पोटॅशियमचा सगळा खेळ चालतो. कलेक्टिंग डक्टच्या पेशी एका छोट्या दारातून सोडियम आत घेतात. सोडियम आत गेलं की नळीत ऋण भार उरतो आणि तो पेशीतलं पोटॅशियम बाहेर खेचतो. जितकं सोडियम इथे येईल, तितकं पोटॅशियम लघवीत जाईल. टॉर्सेमाइड आणि थायझाइड पोटॅशियम का पाडतात हे यावरून कळतं: ती स्वतः पोटॅशियम बाहेर टाकत नाहीत, खाली सोडियमचा लोंढा पाठवतात. त्यात मीठ कमी झालं म्हणून किडनीवरची अधिवृक्क ग्रंथी अल्डोस्टेरॉन हे हार्मोन सोडते, आणि अल्डोस्टेरॉन तीच दारं आणखी वाढवतं.

दारच बंद केलं तर? ते काम अमिलोराइड करतं, थेट आणि लगेच. स्पायरोनोलॅक्टोन वेगळ्या वाटेने जातं. ते नळीत उतरतच नाही, रक्ताच्या बाजूने पेशीत शिरून अल्डोस्टेरॉनची जागा अडवतं. मग नवी दारं बनणं थांबतं, जुनी हळूहळू निघून जातात. म्हणून गुण यायला दोन-तीन दिवस लागतात. सकाळी गोळी घेऊन दुपारपर्यंत लघवीची वाट बघू नका.

मुळात २५ मिलिग्रॅम स्पायरोनोलॅक्टोन तुमच्या वडिलांना लघवीसाठी दिलेलंच नाही. १९९९ मध्ये गंभीर हार्ट फेल्युअरच्या १,६६३ रुग्णांवरचा अभ्यास आला. साध्या उपचारांवर सरासरी दोन वर्षांत ४६ टक्के दगावले, हे औषध जोडल्यावर ३५ टक्के. इतका फरक पाडणारी औषधं हृदयरोगात फार थोडी आहेत. "लघवी काही वाढली नाही" म्हणून ही गोळी परस्पर बंद करणारे बरेच असतात, त्यांना मी हे आकडेच दाखवतो. दुसरी बाजूही सांगतो. त्या निकालानंतर कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात हे औषध सरसकट लिहिलं जाऊ लागलं, आणि रक्तात पोटॅशियम वाढून अ‍ॅडमिट होण्याचं प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होतं ते २००१ पर्यंत ११ वर गेलं. औषध तेच, पण अभ्यासात रक्त वेळच्या वेळी तपासलं जात होतं. सुरू केल्यावर एका आठवड्याने, मग महिन्याने, आणि पुढे दर तीन-चार महिन्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन झालंच पाहिजे. ५.५ च्या वर गेलं तर डोस निम्मा, ६ च्या वर बंद.

जलोदराचं, म्हणजे पोटात पाणी साठण्याचं, उलट आहे. लिव्हर सिरॉसिसमध्ये अल्डोस्टेरॉन प्रचंड वाढलेलं असतं, म्हणून तिथे स्पायरोनोलॅक्टोन हेच मुख्य औषध, १०० मिलिग्रॅमपासून पुढे, आणि फ्युरोसेमाइड ४० च्या मापाने जोडीला. तिथे ते लघवीसाठीच असतं. पुरुषांत छाती दुखणं, स्तन वाढणं याने होऊ शकतं. वडिलांना तसं काही झालं तर लाजून लपवू नये, एप्लेरेनोन या तशाच दुसऱ्या गोळीवर नेता येतं.

डॅपाग्लिफ्लोझिनबद्दल थोडक्यात. प्रॉक्झिमल नळीत ग्लुकोज परत घेणारा वाहक ते बंद करतं. ग्लुकोजसोबत सोडियमही थोडं जातं. मूत्रल म्हणून जोर बेताचा, पण हृदय आणि किडनी दोन्ही टिकवण्यात सिद्ध झालेलं, मधुमेह असो वा नसो. लघवीच्या जागेची स्वच्छता ठेवा, बुरशी होते.

आता किडनीची भीती. १.२ चं १.५ झालं, पण त्याच काळात वजन किती उतरलं? सूज किती गेली? धाप कमी झाली का? हृदय तुंबलं की मागचा दाब किडनीच्या शिरांवरही येतो आणि त्यानेच किडनी मंदावते. ते तुंबणं उतरवताना क्रिएटिनिन एवढं वाढलं तर मी औषध कमी करत नाही. टेल्मिसार्टन आणि डॅपाग्लिफ्लोझिनही सुरुवातीला ते थोडं वर नेतात, त्याने किडनी खराब होत नाही. पण उभं राहिल्यावर चक्कर, वरचं प्रेशर ९० च्या आसपास, तोंड कोरडं आणि वजन नेहमीच्या कोरड्या वजनापेक्षाही खाली, असं चित्र असेल तर पाणी जास्त काढलं गेलंय आणि टॉर्सेमाइड कमी करायला हवं. म्हणून घरात वजनकाटा हवाच. रोज सकाळी, लघवी झाल्यावर, खाण्याआधी, तेच कपडे. एक किलो म्हणजे एक लिटर. दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं तर पाय सुजायची वाट न बघता फोन करा.

किडनीला खरा धोका मला दुसऱ्या पाकिटात दिसतो. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेलं डायक्लोफेनॅक किंवा एसिक्लोफेनॅक. ते किडनीचा रक्तपुरवठा आवळतं, नळीत शिरायच्या दारात टॉर्सेमाइडशी स्पर्धा करतं आणि मीठ धरून ठेवतं. त्यात टेल्मिसार्टन आणि मूत्रल गोळी आधीच चालू, म्हणजे तिहेरी मार. वडिलांना दुखलं तर पॅरासिटामॉल. दुसरं, जुलाब, उलट्या, ताप किंवा मे महिन्यातल्या उन्हात दिवसभर फिरणं. अशा दिवशी टॉर्सेमाइड, स्पायरोनोलॅक्टोन, डॅपाग्लिफ्लोझिन आणि टेल्मिसार्टन चालू ठेवायचं की थांबवायचं हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, पुढच्या तारखेची वाट बघू नका.

मिठाबद्दल न बोलता हे उत्तर पुरं होणार नाही. टॉर्सेमाइडचा अंमल सहा-आठ तास. तो सरला की किडनी उरलेले सोळा तास अधाशासारखं मीठ परत घेते. रात्रीच्या ताटात लोणचं, पापड, सुकी चटणी असेल तर सकाळी काढलेलं सगळं रात्रीत भरून येतं, आणि घरचे म्हणतात गोळी लागू पडत नाही. मात्र "लो सोडियम" मीठ आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, आणि तुमच्या वडिलांना स्पायरोनोलॅक्टोन आणि टेल्मिसार्टन दोन्ही चालू आहेत. शहाळ्याचंही तेच, एका शहाळ्यात साधारण ५०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. कधीतरी एखादं चालेल, पण "लघवी साफ होते" म्हणून रोज नको.

आणि त्यांना प्रेशरसाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू आहे का ते बघा, तुम्ही यादीत लिहिलेलं नाही. त्याने घोट्याजवळ सूज येते ती केशवाहिन्यांतून द्रव झिरपून, अंगात मीठ-पाणी साठून नव्हे. तिला कोणतीही लघवीची गोळी उतरवत नाही, अ‍ॅम्लोडिपिन कमी केलं की उतरते.

टॉर्सेमाइड सकाळी द्या. दुसरा डोस सांगितला असेल तर दुपारी तीनच्या आत, नाहीतर रात्रभर उठबस होऊन पडण्याची भीती. एसटीचा किंवा रेल्वेचा प्रवास असेल त्या दिवशी बरेच जण सगळ्याच गोळ्या टाळतात. तसं करायची गरज नाही: टॉर्सेमाइड मुक्कामी पोचल्यावर द्या, बाकीच्या नेहमीच्या वेळेला.